कार्ल्सबाड कॅव्हर्न्स राष्ट्रीय उद्यान : गुहेत उतरण्यापूर्वी

अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यातील या उद्यानासाठी आमच्या सहलीत पूर्ण दिवस का राखून ठेवला आहे, असे ग्राहक अनेकदा विचारतात. लिफ्टने खाली जाऊन, मुख्य दालन पाहून अर्ध्या दिवसात परतता येते, हे खरे आहे. तथापि ज्यांचे गुडघे आणि हृदय साथ देते, त्यांनी गुहेच्या नैसर्गिक मुखातून पायीच उतरावे, असा आमचा आग्रह आहे.

ही वाट सुमारे दोन किलोमीटर लांबीची असून तेवढ्यात ती जवळजवळ २३० मीटर खाली उतरते. मुखापाशी पाकोळ्यांची ये-जा चालू असते आणि वटवाघळांच्या विष्ठेचा उग्र दर्प येतो. पुढे प्रत्येक वळणावर मागचा उजेड आकसत जातो, डोळे अंधाराला सरावतात आणि मंद दिव्यांच्या प्रकाशात छत किती उंच आहे याचा अंदाज येऊ लागतो. लिफ्ट हीच खोली साधारण मिनिटभरात गाठते, त्यामुळे आपण किती खाली आलो हे कळतच नाही. वर येताना मात्र लिफ्टच बरी. हृदयविकार, दमा किंवा गुडघेदुखी असणाऱ्यांनी दोन्ही वेळा लिफ्ट वापरावी. मुख्य दालनातील प्रदक्षिणेची वाटही सुमारे दोन किलोमीटरचीच आहे, पण बरीच सपाट आहे आणि मध्येच परतण्यासाठी एक जवळचा मार्गही आहे.

शाळेच्या भूगोलात आपण शिकलो की, पावसाच्या किंचित आम्लधर्मी पाण्यात चुनखडक विरघळून गुहा तयार होतात. येथे घडले ते वेगळे. सुमारे २६.५ कोटी वर्षांपूर्वीच्या सागरी भित्तीपासून, म्हणजे समुद्रजीवांच्या अवशेषांच्या राशीपासून, बनलेल्या या चुनखडकात, खालच्या खनिज तेलाच्या साठ्यांतून हायड्रोजन सल्फाइड वायू वर आला, प्राणवायूयुक्त पाण्याशी त्याचा संयोग होऊन सल्फ्युरिक आम्ल तयार झाले आणि त्याने खडक आतून पोखरला. एवढी प्रशस्त दालने त्यामुळेच निर्माण झाली. छतातून झिरपणाऱ्या पाण्याचे काम नंतर सुरू झाले. थेंबाथेंबातून साचलेल्या चुन्याचे अधोमुखी आणि ऊर्ध्वमुखी लवणस्तंभ आज आपण पाहतो.

या स्तंभांना कृपया हात लावू नये. त्वचेवरील तेल खडकावर राहिले की तेथे डाग पडतो आणि चुन्याचा नवा थर नीट धरत नाही. मुलांना ही गोष्ट आत शिरण्यापूर्वीच समजावून सांगावी, कारण काही स्तंभ वाटेच्या अगदी हाताशी आहेत. गुहेत साध्या पाण्याखेरीज काहीही खाता-पिता येत नाही. बाबागाडीला परवानगी नाही; तान्ह्या बाळाला कडेवर किंवा झोळीत घ्यावे लागेल. पूर्वी दुसऱ्या एखाद्या गुहेत वापरलेले बूट आणि कपडे आणू नयेत, कारण वटवाघळांना मारक ठरणाऱ्या बुरशीचा संसर्ग त्यांतून पसरू शकतो.

बाहेर उन्हाळ्यात रणरणते ऊन असले तरी आत वर्षभर सुमारे १३ अंश सेल्सिअस तापमान असते. स्वेटर आणि न घसरणारे बूट आवश्यक आहेत. चपला चालणार नाहीत.

उन्हाळ्यात सायंकाळी हजारो वटवाघळे घिरट्या घालत गुहेबाहेर पडतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जिम व्हाइट या तरुण गुराख्याला त्यांच्यामुळेच ही गुहा सापडली, असे सांगतात. सुरुवातीचे पर्यटक तर खतासाठी वटवाघळांची विष्ठा वर काढण्याच्या बादलीत बसून खाली उतरत असत! १९३० साली हे राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९९५ मध्ये त्याला युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. वटवाघळांचे उड्डाण पाहताना मोबाइल आणि कॅमेरे बंद ठेवण्याची सक्ती आहे. हे दृश्य चित्रित करता येत नाही याबद्दल काही ग्राहक नाराज होतात, पण हा नियम आम्हाला मनापासून पटतो. थंडीत ही वटवाघळे मेक्सिकोकडे जातात, म्हणून त्या काळातील सहलींत हा कार्यक्रम नसतो.

गुहाप्रवेशाची वेळ आगाऊ आरक्षित करावी लागते आणि ते काम आम्ही करतो. उद्यानात मुक्कामासाठी हॉटेल नसल्यामुळे राहण्याची व्यवस्था कार्ल्सबाड गावात केलेली असते. पायी उतरायचे की लिफ्टने, हे प्रत्येकाने नोंदणीच्या वेळीच कळवावे, म्हणजे दोन्ही गटांसोबत आमचा माणूस देता येईल.