आजार मुक्कामाला असलेल्या टँकसाठी मासे

खाऱ्या पाण्याच्या टँकमधले मासे एकदा पांढरे ठिपके येऊन पटापट गेले की बडोद्यातला हौशी माणूस, मग तो दांडिया बाजारातला असो की वाघोडिया रोडवरचा, दुकानात जाऊन एकच मागणी करतो: "काहीही द्या, पण मरणार नाही असं द्या." दुकानदार बहुधा डॅमसेल देतो. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा, छोटासा, बाकीच्यांपेक्षा स्वस्त. तो खरंच मरत नाही. पण थोड्याच दिवसांत बाकीचे मासे खडकाच्या फटीत दडून बसतात, खायला पुढे येत नाहीत, आणि त्यांच्या अंगावर पुन्हा तेच ठिपके दिसू लागतात.

हा रोग डॅमसेलनेच आणला असेल असं नाही. बहुतेकदा तो आधीपासून टँकमध्येच असतो. एवढं लक्षात घेतलं तर मासे निवडण्याची सगळी रीतच बदलते.

ठिपक्यांमागचा जीव म्हणजे क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स हा एकपेशीय परजीवी. आजचं हे शास्त्रीय नाव त्याला १९५१ साली मिळालं. टँकवाले त्याला मरीन इक म्हणतात. माशाच्या कातडीत आणि कल्ल्यांत शिरून तो साधारण तीन ते सात दिवस खातो, फुगतो. आपल्याला दिसतो तो हाच टप्पा. मग तो माशाला सोडून वाळूवर, खडकावर, काचेच्या कोपऱ्यात जाऊन चिकटतो आणि भोवती कवच करतो. आत त्याची विभागणी होत राहते आणि एका कवचातून शे-दोनशे पिल्लं बाहेर पडू शकतात. त्यांच्याकडे वेळ थोडा असतो, एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर ती संपतात. पण कवच फुटणं बहुतांशी अंधारात होतं, आणि तेव्हा मासे त्याच खडकांपाशी झोपलेले असतात. जुन्या लाकडी पलंगातल्या ढेकणांचा हिशेब ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे नवं वाटणार नाही: गादी झटकून काही होत नाही, मुक्काम फटीत असतो.

म्हणून "ठिपके गेले, मासा बरा झाला" या वाक्यावर विश्वास ठेवू नये. ठिपके जाणं म्हणजे परजीवी पुढच्या टप्प्यावर गेला. आणि इकमधून वाचलेल्या माशाला काही महिने टिकणारी प्रतिकारशक्ती येते, पण ती बहुधा अर्धवट असते. तो मासा ठणठणीत दिसतो, कल्ल्यांत दोन-चार परजीवी बाळगून असतो, आणि शेजारी नवा पाहुणा आला की पाहुणा आजारी पडतो. दुकानात ज्याला आपण काटक म्हणतो, तो पुष्कळदा असा मूक वाहक असतो. काटक माशांनी भरलेला टँक निरोगी असतो असं मुळीच नाही.

आता स्वभावाकडे येऊ. ज्या माशाच्या मागे दिवसभर कोणी लागलेलं असतं त्याच्या रक्तात कॉर्टिसॉल वाढतं. माणसात वाढतं तेच हे संप्रेरक. ते थोडा वेळ वाढलं तर पळायला बळ देतं. दिवसच्या दिवस वाढलेलं राहिलं तर प्रतिकारशक्ती दाबून टाकतं. माशाच्या अंगावरचा चिकट थर नुसता बुळबुळीतपणा नसतो, त्यात जंतू फोडणारी लायसोझाइमसारखी द्रव्यं आणि प्रतिपिंडं असतात. ही पहिली तटबंदी पातळ झाली की एरवी परतून गेलेला परजीवी आत शिरतो. त्यामुळे परजीवी वस्तीला असलेल्या टँकमध्ये शांत मासा घेणं ही आवडीनिवडीची गोष्ट उरत नाही, तो उपचाराचाच भाग होतो. डॅमसेल एकटा असता तर मजेत जगला असता. त्याची किंमत इतरांनी मोजली.

मग घ्यावं काय? पहिलं नाव ऑसेलारिस क्लाउनफिशचं, आणि तोही टँकमध्ये जन्मलेला. आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिशचं प्रजनन आणि पिल्लं वाढवण्याची पद्धत बसवलेली आहे, त्यामुळे अशी पिल्लं मिळणं अशक्य नाही. ती जाळ्यात सापडलेली नसतात, फिलिपाइन्स-इंडोनेशियाच्या काही भागांत मासे गुंगवायला वापरतात त्या सायनाइडच्या वाटेला गेलेली नसतात, आणि घरी आल्या दिवसापासून दाणे खातात. मात्र ती रोगमुक्त असतीलच अशी खात्री नाही. उलट, ज्याने इक कधी पाहिलाच नाही त्याच्या अंगात इकविरुद्ध कमावलेलं काहीच नसतं. शिवाय क्लाउनला ब्रुकलिनेला नावाचा वेगळाच परजीवी फार लागतो, विशेषतः समुद्रातून पकडून आणलेल्यांना. दोनच घ्यावेत. त्यांच्यात मोठा असतो तो मादी होतो, छोटा नर राहतो. तिसरा आणला की भांडण सुरू.

बंगाई कार्डिनल मला क्लाउनपेक्षाही जास्त आवडतो. इंडोनेशियातल्या सुलावेसीजवळच्या बंगाई बेटांभोवतीच तो मुळात सापडतो, आणि निसर्गात त्याची स्थिती बिकट आहे, म्हणून टँकमध्ये वाढवलेलाच मागावा. नर अंडी तोंडात घेऊन बसतो, पिल्लं बाहेर पडली तरी काही दिवस तोंडातच सांभाळतो, आणि या सगळ्या काळात जेवत नाही. संथ, एका जागी तरंगणारा, कोणाच्या अध्यात-मध्यात नाही. फक्त दोन नर एकत्र ठेवू नयेत.

तळाशी वॉचमन गोबी आणि पिस्तूल कोळंबीची जोडी. कोळंबीला जेमतेम दिसतं; ती बीळ खणत राहते आणि एक मिशी गोबीच्या अंगाला लावून ठेवते. गोबी बिळाच्या तोंडाशी पहारा देतो, धोका दिसला की शेपटी हलवतो, दोघं आत. फायरफिशही स्वभावाने गरीब आहे, पण घाबरला की पाण्याबाहेर उडी मारतो, तेव्हा टँकवर जाळीचं झाकण हवंच. हिरवे क्रोमिस दुकानात थव्याने सुंदर दिसतात. घरी आणल्यावर तो थवा एकेक करून घटत जातो, कधी आपसातल्या छळाने, कधी युरोनेमा या परजीवीने. मी ते सुचवत नाही.

आणि सर्जनफिश, ज्यांना टँकवाले टँग म्हणतात, ते अशा टँकमध्ये आणूच नयेत. निळा रीगल टँग असो की आपल्याच हिंद महासागरातला पावडर ब्लू, इक सगळ्यात आधी यांच्यावर दिसतो. खवले अगदी बारीक, आणि दिवसभर लांब पोहण्याची सवय. चार फुटांच्या काचेत हा मासा कायम ताणातच असतो. शेवाळ खातो म्हणून आणायचा असेल तर ते काम ट्रोकस गोगलगायी करतात, आणि त्यांना इक होत नाही. मँडरिन माशाचं प्रकरण याच्या बरोबर उलटं आहे. त्याच्या अंगावर जाड चिकट थर असल्यामुळे इक त्याला सहसा लागत नाही, पण तो दिवसभर कोपेपॉड, म्हणजे पाण्यातले बारीक कवचधारी जीव, टिपून जगतो, आणि नव्या किंवा छोट्या टँकमध्ये उपाशी मरतो.

क्लीनर रॅस हा इतर माशांचं अंग साफ करणारा मासा आणला की तो परजीवी खाऊन टाकेल, हा समज फार पसरलेला आहे. प्रवाळांवर तो दिवसाला शेकडोंनी परजीवी खातो हे खरं, पण ते मुख्यतः नॅथिड, म्हणजे अंगावर चढणारे छोटे कवचधारी. कातडीच्या आत शिरलेला इक त्याच्या हाती लागत नाही. टँकमध्ये असे नॅथिड नसतात, आणि पुष्कळ क्लीनर रॅस उपासमारीने जातात.

प्रवाळ असलेल्या टँकमध्ये औषध का घालता येत नाही, हे पुष्कळांना माशांच्या मरणानंतर कळतं. इकवर आणि त्याहून जलद मारणाऱ्या वेल्वेट या दुसऱ्या परजीवी रोगावर तांबं चालतं. मुक्त तांब्याचं प्रमाण लिटरला साधारण ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम ठेवावं लागतं. बाजारातल्या काही द्रावणांत तांबं बांधलेलं असतं, त्यांचं प्रमाण वेगळं, ते बाटलीवर पाहावं. पण तेवढंच तांबं प्रवाळ, कोळंबी आणि गोगलगायी मारून टाकतं. म्हणून वेगळा, आत काही नसलेला क्वारंटाइनचा टँक हवा: वाळू नाही, खडक नाही कारण ते तांबं शोषतात, लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे, एक स्पंज फिल्टर आणि रोज तांबं मोजायचं किट. नवा मासा महिनाभर तिथेच. आणि मुख्य टँक निर्जंतुक करायचा तर सगळे मासे तिथे हलवून मुख्य टँक माशांविना ठेवायचा. काही कवचं फुटायला ७२ दिवसांपर्यंत लागल्याची नोंद आहे, म्हणून अडीच महिने धरतात. ऑक्टोबर सरता सरता मासे बाहेर काढले तर ते उत्तरायणाच्या पतंगांच्या सुमारास परत आत जातात. बडोद्याला हा काळ सोयीचाही आहे, पाणी गार ठेवणाऱ्या चिलरवर भार नसतो, छोट्या टँकमध्ये एक हीटर पुरतो. या काळात नवा खडक किंवा प्रवाळ टाकू नये, कारण त्यावर कवच चिकटून येऊ शकतं आणि मग मोजणी पहिल्यापासून. (जामनगरकडच्या आखातातून कोणी प्रवाळ "आणून देतो" म्हणालं तर दूर राहावं, ते सागरी राष्ट्रीय उद्यान आहे, आणि खडकाळ प्रवाळ २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत.)

मासे एप्रिल-मे मध्ये विकत घेऊच नयेत असं माझं मत आहे. पारा ४२ च्या पुढे गेलेला, मासा पिशवीत रात्रभर बसून आलेला. खारं पाणी २५ अंशांना लिटरमध्ये जेमतेम पावणेसात मिलिग्रॅम प्राणवायू धरतं, ३० अंशांना सव्वासहा. ज्याच्या कल्ल्यांत परजीवी बसलेले आहेत त्याला हा फरक जाणवतो. त्यात पिशवीची एक गोम आहे. बंद पिशवीत माशाच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड साठतो, पाण्याचा सामू (पीएच) उतरतो, आणि त्यामुळे साठलेला अमोनिया कमी विषारी रूपात राहतो. पिशवी उघडली की वायू निघून जातो, सामू चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. तेव्हा पिशवी उघडून तासभर थेंब-थेंब पाणी सोडत बसू नये. क्वारंटाइनच्या टँकचा खारटपणा आधीच दुकानदाराच्या पाण्याइतका करून ठेवावा, बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटं तरंगवून तापमान जुळवावं, आणि मासा हलक्या हाताने काढून थेट आत सोडावा. पिशवीतलं पाणी मोरीत.

क्रम एवढाच: आधी सगळ्यात भिडस्त असतील ते कार्डिनल आणि फायरफिश, मग गोबी, आणि क्लाउनची जोडी सर्वांत शेवटी. क्लाउन शांत खरा, पण एकदा कोपरा आपला मानला की पुढच्या पाहुण्याला तो सहज येऊ देत नाही.