डिव्हिनिटी: पाक, फेस आणि हवेतला ओलावा

अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत नाताळ जवळ आला की घरोघरी डिव्हिनिटी होते. पांढरीशुभ्र, जिभेवर विरघळणारी, वर पिकानची (अक्रोडासारख्या सुक्या मेव्याची) अर्धी फोड खोचलेली मिठाई. साखर, कॉर्न सिरप (मक्याच्या स्टार्चपासून केलेला गोड, दाट पाक), पाणी, अंड्याचा पांढरा भाग आणि व्हॅनिला, एवढेच जिन्नस. तरी तिथल्या मुरलेल्या बायका दमट दिवशी ती करायला घेत नाहीत. त्यामागे पक्कं रसायनशास्त्र आहे.

अर्धा किलो साखर, अर्धा कप कॉर्न सिरप आणि अर्धा कप पाणी उकळून पाक १२७ अंश सेल्सिअसपर्यंत न्यायचा. पाणी उडत जातं तसा पाकाचा उत्कलनबिंदू चढतो. म्हणजे थर्मामीटर इथे उरलेलं पाणीच मोजत असतो. या टप्प्यावर ते जेमतेम आठ टक्के राहतं, आणि थंड पाण्यात टाकलेल्या थेंबाची घट्ट गोळी होते. डेन्व्हरसारख्या सुमारे १६०० मीटर उंचीच्या गावात पाणीच ९५ अंशांच्या आसपास उकळतं. तिथे पाक पाचेक अंश आधी उतरवावा लागतो.

एवढा दाट पाक गार होताना साखरेचे स्फटिक धरणारच. ते मोठे झाले तर मिठाई खरखरीत लागते, अजिबात झाले नाहीत तर चिवट राहते. कॉर्न सिरपमधलं ग्लुकोज आणि त्याच्या लांब साखळ्या साखरेच्या रेणूंच्या आड येतात, म्हणून स्फटिक बारीकच राहतात. कॉर्न सिरपचा 'कारो' हा ब्रँड १९०२ मध्ये बाजारात आला, आणि डिव्हिनिटीही त्याच काळात अमेरिकी घरांत रुजली.

इकडे दोन अंड्यांचा पांढरा भाग घट्ट फेटलेला हवा. फेटताना त्यातली प्रथिनं उलगडतात आणि हवेच्या बुडबुड्यांभोवती पापुद्रा धरतात. पिवळ्या बलकाचा थेंब जरी पडला तरी त्यातली चरबी प्रथिनांची जागा घेते आणि फेस चढत नाही. उकळता पाक बारीक धारेने ओतत फेटत राहायचं. उष्णतेने प्रथिनं घट्ट होतात आणि फेस टिकतो.

पुढची काही मिनिटं नजर भांड्यावरून हलवू नये. मिश्रण आधी तुकतुकीत, रिबिनीसारखं पडतं. मग चकाकी मंदावते आणि चमच्याने टाकलेला गोळा पसरत नाही. स्फटिक धरू लागल्याची ही खूण. आता भराभर गोळे टाकायचे. उशीर होऊन मिश्रण भुगभुगीत झालं, तर चमचाभर गरम पाणी घालून ते सैल करता येतं.

दमट हवेत मात्र साखर बाहेरचा ओलावा ओढून घेते, पृष्ठभाग चिकट होतो आणि गोळे बसतात.

वेगळे स्वाद निवडतानाही पाणी आणि चरबी यांचाच विचार करावा. व्हॅनिला किंवा बदामाचा अर्क शेवटी घालावा, उकळत्या पाकात त्याचा सुवास उडून जातो. पेपरमिंट तेलाचे दोन-तीन थेंब पुरतात. पाकवलेल्या चेरी आधी टिपून कोरड्या कराव्यात. स्वादाची जिलेटिन पावडर फेसाला आधार देते, शिवाय रंगही आणते. कोकोमध्ये चरबी असते, त्यामुळे चॉकलेटची डिव्हिनिटी थोडी दडसच होते. मला सर्वांत आवडतं ते 'सी फोम', म्हणजे ब्राउन शुगरची डिव्हिनिटी. त्या साखरेतल्या मोलॅसिसमुळे, म्हणजे काळ्या काकवीमुळे, तिला कॅरॅमलसारखी खोल चव येते. पण त्यातल्या ग्लुकोज-फ्रुक्टोजमुळे ती ओलावाही जास्त धरते, म्हणून गार होताच हवाबंद डब्यात जायला हवी.