नवं ओपनजीएल आलं म्हणून जुना कोड मेला?

‘ओपनजीएल ३ पासून जीएलबिगिन काढून टाकलं, त्यामुळे नव्या ग्राफिक्स कार्डवर जुने प्रोग्राम चालत नाहीत.’ हे विधान वर्षानुवर्षं फिरतंय. (ओपनजीएल म्हणजे ग्राफिक्स कार्डाकडून चित्रं काढून घेण्यासाठी प्रोग्राम वापरतात ती प्रमाणित पद्धत; जीएलबिगिन ही तिच्यातली चित्र काढायला सुरुवात करणारी जुनी आज्ञा.) अर्धंच खरं आहे.

२००८च्या ३.० आवृत्तीत जुन्या गोष्टींवर फक्त ‘पुढे काढणार’ असा शिक्का बसला. २००९मध्ये ३.१ने त्या गाभ्यातून खरोखर काढल्या. पण त्याच वर्षी ३.२ने दोन प्रोफाइल, म्हणजे सोयींचे दोन संच, दिली: कोअर (फक्त नवं) आणि कम्पॅटिबिलिटी. दुसऱ्यात जुनं सगळं शाबूत आहे. म्हणजे प्रश्न कार्डाचा नाहीच. प्रोग्रामने कोणता कॉन्टेक्स्ट (ओपनजीएल ज्यात चालतं ते कामाचं वातावरण) मागितला आणि ड्रायव्हर काय देतो, याचा आहे. विंडोजवर आवृत्ती न सांगता कॉन्टेक्स्ट मागितला, तर ड्रायव्हर सहसा जुन्या कोडला चालणाराच देतो.

खरी गोची मॅकवर. तिथे एकतर जुनं २.१, नाहीतर ३.२ किंवा पुढचं निव्वळ कोअर. कम्पॅटिबिलिटी प्रोफाइल नाहीच. शेडरच्या, म्हणजे कार्डावर चालणाऱ्या छोट्या प्रोग्रामच्या, पहिल्या ओळीत ‘व्हर्जन १२०’ (शेडरच्या भाषेची जुनी आवृत्ती) असेल, तर कोअर कॉन्टेक्स्टमध्ये तो तिथे कम्पाइलच होत नाही. ती ओळ बदलून १५० केली की ‘ॲट्रिब्यूट’च्या जागी ‘इन’ लिहावं लागतं. ‘व्हेरिइंग’ही जातं: व्हर्टेक्स शेडरमध्ये (जो आकृतीचे बिंदू हाताळतो) ‘आउट’, फ्रॅगमेंटमध्ये (जो रंग ठरवतो) ‘इन’. कंटाळवाणं काम, पण अवघड नाही.

गंमत म्हणजे ज्याला सगळे ‘छोटं ओपनजीएल’ म्हणतात, त्या ओपनजीएल ईएसने (मोबाइलसारख्या छोट्या उपकरणांसाठीचं ओपनजीएल) जुनं तोडण्याचा हा घाव आधीच घातला होता. २.० आवृत्ती १.१शी सुसंगत नाही, आणि तिथे कम्पॅटिबिलिटी प्रोफाइलची पळवाटही नाही. ३.० मात्र २.०चा कोड चालवते.