नेट न्यूट्रॅलिटी

(नेट समानता, जालतटस्थता). इंटरनेट सेवा पुरवणाऱ्या कंपनीने आपल्या जाळ्यातून जाणाऱ्या माहितीत मजकूर, पाठवणारा, घेणारा, ॲप किंवा उपकरण यांवरून भेदभाव करू नये, हे दूरसंचार नियमनातील तत्त्व. एखादे संकेतस्थळ अडवणे, मुद्दाम संथ करणे किंवा पैसे घेऊन कोणाला पुढे काढणे हे त्यात निषिद्ध मानतात.

संज्ञेचे श्रेय सर्वसाधारणपणे अमेरिकन कायदेपंडित टिम वू यांच्या २००३ मधील निबंधाला दिले जाते. कल्पना बरीच जुनी असून तिच्या उगमाविषयी दोन मते आढळतात. एका मताप्रमाणे ती वाहतुकीच्या कायद्यातून आली. सार्वजनिक वाहकाने येईल त्याचा माल न्यावा, हा इंग्लिश कॉमन लॉमधील दंडक. अमेरिकेच्या १८६० च्या पॅसिफिक टेलिग्राफ कायद्याने तारा आलेल्या क्रमाने व निःपक्षपातीपणे पाठवण्याचे बंधन घातले. अग्रक्रम फक्त सरकारी तारांना होता. दुसऱ्या मताप्रमाणे तिचे मूळ सॉल्टझर, रीड व क्लार्क यांनी १९८१ मध्ये मांडलेल्या ‘टोक-ते-टोक’ तत्त्वात आहे. पाठवलेले नीट पोचले की नाही याची अखेरची खातरजमा दोन्ही टोकांच्या संगणकांनीच करावी, मधले जाळे शक्य तितके साधे असावे, असे हे तत्त्व सांगते. परंतु तो रचनेचा सल्ला होता, भेदभावाला बंदी नव्हे. त्याच वर्षीच्या इंटरनेट प्रोटोकॉलच्या (माहिती कशी पाठवावी याच्या नियमांच्या) आराखड्यात प्रत्येक पॅकेटच्या, म्हणजे माहितीच्या छोट्या तुकड्याच्या, शीर्षात ‘सेवेचा प्रकार’ नोंदवायला आठ बिट राखलेले होते आणि त्यांतील तीन अग्रक्रमासाठी होते. ‘सर्व पॅकेटे समान’ हा नियम मुळापासून होता, असे म्हणूनच म्हणता येत नाही. पहिले मत अधिक ग्राह्य वाटते.

अभिव्यक्तिस्वातंत्र्याशी असलेला संबंधही त्याच मताने नीट उलगडतो. वाहकाच्या हाती मजकूर निवडण्याची मुभा आली, की बोलणाऱ्याचा हक्क कागदावर शाबूत राहूनही निरुपयोगी ठरतो. २००७ मध्ये कॉमकास्ट ही अमेरिकन इंटरनेट सेवा कंपनी खोटे ‘रीसेट’ (जोडणी संपवा, असे सांगणारे) संदेश घुसवून बिटटोरंट या फाइल-देवाणघेवाणीच्या पद्धतीच्या जोडण्या तोडत असल्याचे उघड झाले. असोसिएटेड प्रेसच्या चाचणीत बायबलची प्रतदेखील अडली किंवा रखडली. उलट बाजूने, सेवापुरवठादारालाही वृत्तपत्राच्या संपादकासारखे निवडीचे स्वातंत्र्य आहे, असा युक्तिवाद होतो. अमेरिकेतील न्यायमूर्ती ब्रेट कॅव्हनॉ यांनी २०१७ मधील आपल्या भिन्नमतपत्रात तो उचलून धरला. मात्र ग्राहक अशा कंपनीकडे तिचे मत ऐकायला जात नाही. त्यामुळे हे साम्य ओढूनताणून आणलेले दिसते.

अमेरिकेत जालतटस्थतेचे २०१५ चे नियम २०१७ मध्ये मागे घेतले गेले, २०२४ मध्ये पुन्हा आले आणि जानेवारी २०२५ मध्ये सहाव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने ते रद्द केले. या ओढाताणीचा मुख्य मुद्दा अभिव्यक्तीचा नसून ब्रॉडबँडला ‘दूरसंचार सेवा’ (जिला सार्वजनिक वाहकाची बंधने लागू होतात) म्हणावे की ‘माहिती सेवा’, या वर्गीकरणाचा होता. चिलीने २०१० मध्येच कायदा केला होता.

भारतात वाद पेटला तो दरांवरून. निवडक संकेतस्थळे फुकट देणाऱ्या, फेसबुकच्या ‘फ्री बेसिक्स’सारख्या योजनांना ट्राय या दूरसंचार नियामक प्राधिकरणाने ८ फेब्रुवारी २०१६ च्या विनियमांनी मनाई केली, दंड दिवसाला ५० हजार, कमाल ५० लाख रुपये. फुकट दिलेला कोपरा हेच संपूर्ण इंटरनेट असा नव्या वापरकर्त्याचा समज होण्याचा धोका खरा होता, आणि हा निर्णय योग्यच म्हटला पाहिजे. दूरसंचार विभागाने २०१८ मध्ये व्यापक तत्त्वे स्वीकारली. विशेष सेवांना (दूरस्थ शस्त्रक्रियेसारख्या, ठरावीक दर्जाची हमी लागणाऱ्या) त्यांतून वगळले आहे.

सरकारने सेवाच बंद करणे हा प्रश्न या तत्त्वाच्या कक्षेत येत नाही. त्याचा विचार सर्वोच्च न्यायालयाने अनुराधा भसीन खटल्यात (२०२०) केला आणि इंटरनेटवरील अभिव्यक्तीला घटनात्मक संरक्षण असल्याचे, तसेच सेवा अनिश्चित काळ बंद ठेवता येत नसल्याचे सांगितले.

युरोपीय संघाचा विनियम २०१५ चा. त्यात शून्य-दराच्या (निवडक सेवांचा डेटा फुकट देणाऱ्या) योजनांचा स्पष्ट उल्लेख नव्हता. संघाच्या न्यायालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये अशा योजना या विनियमाशी विसंगत ठरवल्या.