फुकट रेशनमुळे वेटर आळशी झाले?

‘फुकट रेशन मिळालं, पोरं आळसावली, म्हणून लॉकडाऊननंतर हॉटेलांना माणसं मिळेनात.’ गल्ल्यावरचे शेठ हे आजही ठासून सांगतात. ते रेशन होतं माणशी महिन्याला ५ किलो धान्य. त्यात खोलीचं भाडं भागतं का? गावी पैसे पाठवता येतात का?

खरं दुखणं वेगळं होतं. मुंबई-पुण्यात कितीतरी वेटर रात्री टेबलं सरकवून हॉटेलातच झोपतात. मार्च २०२० मध्ये शटर पडलं, तेव्हा पगाराबरोबर डोक्यावरचं छप्परही गेलं. ५ ऑक्टोबरला हॉटेलं उघडली, पण निम्म्याच क्षमतेने. टेबलं निम्मी झाली की टीपही आटते, आणि तुटपुंज्या पगारात घर चालतं ते टीपवरच. त्यात एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा फक्त पार्सल. दोनदा पोळलेला माणूस तिसऱ्यांदा कशाला येईल?

जे आले, त्यांच्यावर ‘कामात लक्ष नाही’ हा ठपका. मास्कमुळे ऑर्डर धड ऐकू येईना, दोघांचं काम एकट्यावर, आणि खोकणाऱ्या गिऱ्हाइकासमोरही हसायचं. तेही मास्कच्या आत, म्हणजे कुणाला दिसणारसुद्धा नाही!