दिवाळीत भाव पडला म्हणजे मंदी आली का? हंगामी उतार आणि कल

दसरा झाला की लातूरच्या यार्डात सोयाबीनची आवक वाढते, भाव खाली येतो आणि लगेच व्हॉट्सॲपवर सुरू, सोयाबीनचं काही खरं नाही, पुढच्या साली ऊस लावा. अरे बाबा, हे दरसालचंच आहे. रास झाली, म्हणजे मळणी उरकली, की रब्बीच्या पेरणीला, खताला, आडत्याची (बाजारातल्या दलालाची) आगाऊ घेतलेली उचल फेडायला पैसा लागतो म्हणून सगळेच एकदम माल आणतात, त्यात ओलावा 12 टक्क्यांच्या वर निघाला की कटती, म्हणजे कपात, वेगळीच. हा झाला हंगामी उतार, आवक कमी झाली की बराचसा भरून निघतो.

कल म्हणजे ट्रेंड, तो हळू सरकतो, एका सीझनमध्ये दिसत नाही. म्हणून ऑक्टोबरचा भाव जूनशी लावायचाच नाही, मागच्या ऑक्टोबरशी लावायचा. अजून पक्कं बघायचं तर लागोपाठ 12 महिन्यांची सरासरी काढा, नवा महिना आला की सगळ्यात जुना काढून टाका. प्रत्येक सरासरीत ऑक्टोबर एकदा येतो आन् उन्हाळाही एकदाच, त्यामुळे हंगाम आपोआप कटतो. फक्त ही सरासरी उशिरा वळते, आज विकू का हे तिला विचारू नका.

आता 2021 घ्या. ऑगस्टच्या सुरुवातीला भाव क्विंटलला 10 हजारांच्या आसपास, मग केंद्रानं 12 लाख टन जीएम सोयापेंड (जनुक बदललेल्या सोयाबीनची पेंड) आयातीला परवानगी दिली, त्यात नवा माल आला, आन् दिवाळीपर्यंत भाव जवळपास अर्ध्यावर. हा नुसता हंगामही नाही आणि कलही नाही, हा झटका. त्या ऑगस्टसारखा चढा एक महिना पुढं वर्षभर सरासरी फुगवून ठेवतो, तिथं 12 महिन्यांचे भाव चढत्या क्रमानं मांडून मधल्या दोन आकड्यांची सरासरी बघितलेली बरी.

पण 2022 ची आणि 2024 ची दिवाळी एकमेकींशी लावली तर भाव खालीच गेलाय. याला हंगाम म्हणून उडवून लावता येत नाही, इथं ओरड खरी आहे.

हमीभाव मात्र वाढतच गेला ना? 2013-14 ला क्विंटलला 2560, 2024-25 ला 4892, म्हणजे 1.9 पट. तेवढ्या काळात ग्राहक किंमत निर्देशांकही साधारण पावणेदोन पट झाला, म्हणजे महागाई वजा केली तर 11 वर्षांत खरी वाढ दहा टक्क्यांच्या आसपास, तीही कागदावर, कारण 2024 च्या दिवाळीत सौदे हमीभावाच्या खालीच होत होते.