वॉटन, निकोलस

(सु. १४९७ – २६ जानेवारी १५६७). इंग्लंडमधील धर्मगुरू, कायदेपंडित व मुत्सद्दी. जन्म केंट परगण्यातील बॉटन मॅलर्ब येथे. आठवा हेन्री, सहावा एडवर्ड, मेरी आणि पहिली एलिझाबेथ या चौघांच्याही कारकिर्दीत तो राजसेवेत होता. या काळात देशाचा धर्म पोपपासून फुटला, प्रॉटेस्टंट झाला, पुन्हा कॅथलिक झाला आणि परत फिरला. वॉटनच्या केसालाही धक्का लागला नाही.

१५३९ मध्ये हेन्रीच्या चौथ्या विवाहाची बोलणी करण्यासाठी तो जर्मनीतील क्लीव्ह्‌ज या डची संस्थानाच्या दरबारी गेला. नियोजित वधू ॲन हिच्याविषयीचे त्याचे पत्र मुत्सद्देगिरीचा नमुनाच आहे. तिचा वेळ बहुतेक भरतकाम-शिवणकामात जातो. मातृभाषेखेरीज भाषा येत नाही. गाणे-वाजवणे येत नाही, कारण तिकडे थोरामोठ्यांच्या मुलींनी ते शिकणे उठवळपणाचे मानतात. पण बुद्धी चांगली असल्याने इंग्रजी लवकर शिकेल, असे त्याने कळवले. चित्रकार होलबाइनने काढलेली तिची चित्रे हुबेहूब असल्याचीही ग्वाही दिली. जानेवारी १५४० मध्ये झालेले लग्न जुलैत रद्द झाले. हे लग्न जुळवणारा मंत्री टॉमस क्रॉमवेल याचा शिरच्छेद झाला, वॉटनला मात्र पुढल्याच वर्षी कँटरबरीचे व १५४४ मध्ये यॉर्कचे डीनपद (कॅथीड्रलच्या प्रमुख धर्माधिकाऱ्याचे पद) मिळाले. ही दोन्ही पदे त्याने मरेपर्यंत एकाच वेळी सांभाळली. बिशप होणे मात्र त्याने कटाक्षाने टाळले. तसा प्रस्ताव आला, तेव्हा काहीही करून हे माझ्यावरून टाळा, अशी गळ त्याने एका मित्राला पत्रातून घातली होती. डीनपदाचे उत्पन्न चालत होते. बिशपची जबाबदारी नको होती.

१५४९-५० मध्ये तो काही काळ राज्यसचिव होता. पुढे तो फ्रान्समध्ये वकील (राजदूत) असताना घडलेली एक गोष्ट सतराव्या शतकातील चरित्रकार आयझॅक वॉल्टन सांगतो. पुतण्या टॉमस एका घातक कटात अडकणार, असे स्वप्न वॉटनला लागोपाठ दोन रात्री पडले. त्याने राणी मेरीला पत्र लिहून, काहीतरी निमित्त काढून पुतण्याला कैदेत ठेवायला लावले. १५५४ मध्ये केंटमध्ये राणी मेरीविरुद्ध टॉमस वायटचे बंड झाले, तेव्हा टॉमस तुरुंगात सुखरूप होता. फ्रान्समध्ये परागंदा झालेल्या इंग्रजांच्या हालचालींवर नजर ठेवणे हे या वकिलाचे रोजचे काम होते, हे ध्यानात घेता स्वप्नाची कथा जरा सोयीचीच वाटते.

फ्रान्सशी झालेला कातो-कांब्रेझीचा तह (१५५९) व फ्रेंच फौजा स्कॉटलंडमधून काढायला लावणारा एडिंबरोचा तह (१५६०) या दोन्हींच्या वाटाघाटींत तो होता. त्याचे दफन कँटरबरी कॅथीड्रलमध्ये झाले. व्हेनिसमधील इंग्रज वकील सर हेन्री वॉटन हा याच टॉमसचा मुलगा.